तलवार, लग्न, मळा आणि आमदारकी: कर्नल विल्यम वॉशिंग्टनचं प्रकरण

९ मे १७९१ च्या सकाळी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन चार्ल्स्टन शहरातून सव्हानाच्या वाटेला लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागाचा दौरा चालू होता. या दौऱ्यात कुणाच्याही घरी उतरायचं नाही, कुणाला पाहुणचाराचा त्रास द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. दूरच्या नात्यातल्या एका माणसानं चार्ल्स्टनमधल्या आपल्या घरी बोलावलं, तेव्हा त्यालाही त्यांनी पत्रानं नम्रपणे नकार कळवला होता. शहराबाहेर पडल्यावर मात्र ते त्याच माणसाच्या मळ्यावर गेले. मळ्याचं नाव सँडी हिल, चार्ल्स्टनपासून अंतर २८ मैल. ही नोंद त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत केली आहे.

तो यजमान म्हणजे विल्यम वॉशिंग्टन. दहा वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध दक्षिणेत झालेल्या युद्धात घोडदळाचा सर्वांत गाजलेला सरदार. आता भाताच्या मळ्यांचा मालक आणि साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाचा सदस्य.

सैनिकाचा जमीनदार आणि जमीनदाराचा लोकप्रतिनिधी होणं मराठी वाचकाला नवं नाही. मुलुखगिरी, मग वतन, मग गावकारभारात शब्द, ही चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. विल्यमचं प्रकरण वेगळं आहे, कारण ज्या युद्धात त्यानं नाव कमावलं ते स्वातंत्र्याच्या नावानं लढलं गेलं होतं, आणि युद्धानंतर त्याला जे मिळालं ते सगळं गुलामीवर उभं होतं. पराक्रमापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून सभागृहापर्यंत तो कशाच्या आधारानं पोचला, हे मला एकेक टप्पा घेऊन मांडायचं आहे. माणूस वाईट होता असं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. सगळ्या समकालीन हकिकती त्याला शूर, मितभाषी आणि दिलदार म्हणतात, आणि मला त्या खऱ्या वाटतात.

पाद्री होणार होता

विल्यमचा जन्म १७५२ सालचा, व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड परगण्यातला. वडील बेली वॉशिंग्टन खाऊनपिऊन सुखी जमीनदार. मुलानं पाद्री व्हावं असं घरात ठरलं होतं आणि तसं शिक्षणही सुरू होतं. इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि ते मागं पडलं. तो तिसऱ्या व्हर्जिनिया पायदळ पलटणीत कॅप्टन म्हणून भरती झाला.

पहिली मोठी गोष्ट घडली ट्रेंटनला, २६ डिसेंबर १७७६ रोजी. बर्फात, भल्या सकाळी, गावातल्या मुख्य रस्त्यावर शत्रूच्या भाडोत्री जर्मन सैनिकांनी दोन तोफा आणून लावल्या. त्यांना बत्ती लागण्याआधी विल्यम आपल्या कंपनीसह धावून गेला आणि तोफा हस्तगत केल्या. त्याच्या हातांना जखमा झाल्या. त्याच्याबरोबर धावणाऱ्या अठरा वर्षांच्या लेफ्टनंटच्या खांद्यात गोळी घुसली. हा लेफ्टनंट जेम्स मन्रो, पुढं अमेरिकेचा पाचवा राष्ट्राध्यक्ष.

त्यानंतर विल्यम घोडदळात गेला. नोव्हेंबर १७७८ मध्ये तिसऱ्या हलक्या घोडदळाची कमान त्याच्याकडं आली, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. पलटण जवळजवळ संपलेली होती. दोनच महिने आधी ओल्ड टॅपन इथं ही माणसं रात्री गोठ्यांत झोपलेली असताना इंग्रजांनी संगिनींनी भोसकली होती. विल्यमनं उरलेल्यांतून पलटण पुन्हा बांधली आणि तो दक्षिणेला निघाला.

दक्षिणेतल्या युद्धात घोडा हेच खरं बळ होतं. दलदली, ओढे, पाइनची रानं, दूर दूर विखुरलेले मळे; पायदळ पोचेपर्यंत शत्रू दुसऱ्या नदीपार गेलेला असे. पलीकडं होता बनॅस्टर टार्लटन, वय पंचविशीचं, निर्दय आणि विलक्षण वेगवान. १७८० च्या मार्चमध्ये रँटोल्सच्या पुलापाशी विल्यमच्या स्वारांची त्याच्याशी पहिली गाठ पडली आणि विल्यमनं काही कैदी पकडून नेले. (रँटोल्स हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढं परत लागणार आहे.) त्यानंतर मात्र टार्लटननं सव्याज परतफेड केली. एप्रिलमध्ये मंक्स कॉर्नरला पहाटेच्या अंधारात छापा घालून त्यानं अमेरिकनांचे शेकडो उमदे घोडे पळवले. मे महिन्यात लेनूड्स फेरीपाशी पुन्हा मार बसला. विल्यमला सँटी नदी पोहून जीव वाचवावा लागला. त्याच महिन्यात चार्ल्स्टन इंग्रजांच्या हाती पडलं.

त्या काळ्या वर्षाच्या शेवटी, ४ डिसेंबरला, विल्यमनं जे केलं ते वाचून गनिमी काव्यावर पोसलेल्या कुणाही मराठी माणसाला आनंद होईल. रजली नावाचा राजनिष्ठ, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा, कर्नल शंभराहून अधिक माणसं घेऊन एका भक्कम लाकडी कोठारात बसला होता. विल्यमकडं तोफ नव्हती आणि घोडेस्वार बंदुकांनी कोठार पडणार नव्हतं. त्यानं पाइनचं एक खोड तोडून तासून घेतलं, चाकांवर चढवलं, तोंड कोठाराकडं केलं आणि निरोप धाडला: शरण या, नाहीतर उडवून देतो. रजली सगळ्या माणसांसह हात वर करून बाहेर आला. एक गोळी झाडावी लागली नाही.

काउपेन्सचं मैदान आणि एक मुलगा

१७ जानेवारी १७८१. काउपेन्स म्हणजे गुरं चारायचं मोकळं रान. अमेरिकनांचा सेनानी डॅनियल मॉर्गन यानं तिथं आपल्या फौजेच्या तीन रांगा लावल्या आणि विल्यमचे स्वार मागं, टेकाडाच्या आड, खोलगट जागेत ठेवले. टार्लटन सुमारे ११०० माणसं घेऊन सरळ चालून आला. पुढच्या स्थानिक शिलेदारांनी ठरल्याप्रमाणं नेम धरून गोळ्या झाडल्या आणि मागं सरले. ते पळताहेत असं समजून इंग्रज घोडेस्वार त्यांच्या मागं सुटले, आणि टेकाडाआडून विल्यमचे स्वार त्यांच्यावर कोसळले. पुढं मॉर्गनचं पायदळ मागं सरता सरता एकदम वळलं, अगदी जवळून गोळीबार केला, आणि बाजूनं पुन्हा घोडदळ घुसलं. तासाभरात खेळ आटोपला. टार्लटनची शंभरावर माणसं पडली, पाचशेहून अधिक कैद झाली.

टार्लटन निसटला. विल्यम त्याच्या मागं इतक्या वेगानं सुटला की स्वतःच्या माणसांपासून बराच पुढं निघून गेला. टार्लटननं ते पाहिलं आणि दोन अधिकाऱ्यांसह तो उलट फिरला. तिघांविरुद्ध एकटा, अशी गाठ पडली. विल्यमची तलवार मुठीपाशी तुटली असंही सांगतात. एका अधिकाऱ्यानं त्याच्यावर वार उगारला, आणि त्या क्षणी विल्यमच्या हाताखालच्या एका मुलानं पिस्तूल झाडून तो हात निकामी केला. तलवार पेलण्याइतकंही त्याचं वय नव्हतं, असं जुनी हकिकत सांगते. दुसऱ्या अधिकाऱ्याचा वार सार्जंट मेजर पेरीनं अडवला. टार्लटननं जाता जाता पिस्तूल झाडलं, गोळी विल्यमच्या घोड्याला लागली.

पेरीचं नाव टिकलं. मुलाचं नाव त्या हकिकतीत नाही. कुणी त्याला बिगुलवाला म्हणतं, कुणी खिदमतगार. १८४५ साली विल्यम रॅनी या चित्रकारानं हा प्रसंग रंगवला, तेव्हा त्यानं घोड्यावर बसून पिस्तूल रोखणारा काळा मुलगा दाखवला, आणि तेव्हापासून लोकांच्या मनात तो तसाच ठसला आहे. अमेरिकन काँग्रेसनं या लढाईबद्दल मॉर्गनला सोन्याचं पदक दिलं, विल्यमला आणि पायदळाच्या जॉन हॉवर्डला चांदीचं. विल्यमच्या आयुष्यात यापुढं जे जे आलं, मळा, घर, सभागृहातली जागा, ते सगळं या मुलाच्या नेमामुळं येऊ शकलं.

मार्चमध्ये गिलफर्डला त्यानं इंग्रजांच्या निवडक गार्ड पलटणीत घोडे घातले. एप्रिलमध्ये हॉबकर्क्स हिलला मात्र त्याची चाल चुकली: शत्रूच्या पिछाडीला पोचल्यावर त्यानं वैद्य आणि न लढणारी माणसं कैद करण्यात वेळ घालवला, आणि मुख्य लढाईला तो उशिरा पोचला. ८ सप्टेंबर १७८१ रोजी युटॉ स्प्रिंग्जला जनरल नथॅनियल ग्रीननं त्याला दाट काटेरी झुडपांत दडलेल्या इंग्रज तुकडीवर सोडलं. झुडपांत घोडे शिरेनात. बाजूनं आत जायची वाट शोधत असताना गोळ्यांचा पाऊस पडला आणि त्याचे बहुतेक अधिकारी पडले. विल्यमचा घोडा मेला, तो त्याखाली अडकला, छातीत संगीन घुसली. इंग्रजांनी त्याला जिवंत पकडून चार्ल्स्टनला नेलं. त्याचं युद्ध तिथंच संपलं.

दक्षिणेतल्या इंग्रज फौजेचा सेनापती असलेल्या ज्या कॉर्नवॉलिसचे बेत काउपेन्सनं उधळले, त्यानं पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १७८१ मध्ये, यॉर्कटाउनला शरणागती पत्करली. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला. १७९१ साली विल्यम सँडी हिलला राष्ट्राध्यक्षांची सरबराई करत होता, त्याच सुमारास टिपूविरुद्धच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळत होत्या.

लग्न

चार्ल्स्टनमध्ये कैदेत असताना विल्यमचं जेन इलियट हिच्याशी लग्न झालं, एप्रिल १७८२ मध्ये. इलियट घराणं सेंट पॉल परगण्यातलं जुनं, गडगंज. जेन ही चार्ल्स इलियटची मुलगी आणि वारस. दोघांची ओळख युद्धातच झाली होती. घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पलटणीला निशाण नाही असं विल्यम म्हणाला तेव्हा जेननं दिवाणखान्यातल्या किरमिजी दमास कापडाचा चौकोन कापून त्याच्या हाती दिला. पुढं हे निशाण 'युटॉ ध्वज' म्हणून प्रसिद्ध झालं. १८२७ साली वृद्ध जेननं स्वतःच्या हातानं ते चार्ल्स्टनच्या 'वॉशिंग्टन लाइट इन्फंट्री' या पलटणीला दिलं.

गोष्ट गोड आहे आणि मी ती खोटी मानत नाही. पण लग्नाचा दुसरा अर्थ दप्तरात बघावा लागतो. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यानं गुलामांना जंगम मालमत्ता ठरवलं होतं. इंग्लिश कायद्याच्या रिवाजानुसार बायकोच्या जमिनीचा फक्त कारभार नवऱ्याकडं जाई, मूळ हक्क तिच्या नावावर राही. जंगम वस्तू मात्र, वेगळा विवाहकरार नसेल तर, लग्नाच्या दिवशीच नवऱ्याच्या पूर्ण मालकीच्या होत. म्हणजे श्रीमंत मळ्यावरच्या वारसदार मुलीशी लग्न करणाऱ्याकडं जमिनीपेक्षा माणसं अधिक पक्क्या हक्कानं येऊ शकत. ही तरतूद मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोचते, कारण तिच्यात कुणाचाही राग किंवा क्रौर्य दिसत नाही. ती नुसती वारसाहक्काची वाक्यरचना आहे.

हा १७४० चा कायदा आला कुठून? सप्टेंबर १७३९ मध्ये स्टोनो नदीच्या पुलाजवळ सुमारे वीस गुलामांनी उठाव केला, दुकान फोडून हत्यारं घेतली आणि स्पॅनिश फ्लोरिडाकडं कूच केलं. वाटेत माणसं मिळत गेली. घोड्यावरून आलेल्या मळेवाल्यांनी त्यांना त्याच दिवशी गाठून मोडून काढलं, आणि विधिमंडळानं पुढच्या वर्षी तो कडक कायदा केला. उठावाची जागा रँटोल्सची. विल्यम आणि टार्लटन पहिल्यांदा भिडले ते इथंच, सँडी हिलचा मळा या पट्ट्यातला, आणि विल्यमची कबरही याच परिसरात इलियटांच्या स्मशानभूमीत आहे. चाळीस वर्षांच्या अंतरानं एकाच रस्त्यावर दोन वेळा स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललं गेलं. एका वेळच्या लोकांना पदकं मिळाली.

मळा

१४ डिसेंबर १७८२ रोजी इंग्रज चार्ल्स्टन सोडून गेले. विल्यम व्हर्जिनियाला परतला नाही. पत्नीच्या मुलुखात राहिला आणि मळेवाला झाला.

या भागात पीक एकच महत्त्वाचं: भात. समुद्रापासून आत, ओढ्यांच्या दलदलीत, वरच्या बाजूला मातीचा बांध घालून पाणी साठवायचं आणि चर खणून लाकडी दारांतून ते खालच्या खाचरांत सोडायचं. नदीमुखाजवळचे मळे भरती-ओहोटीवर चालत. भरतीनं वर ढकललेलं गोडं पाणी दार उघडून आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. गोव्यातल्या खाजन शेतीची मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही रचना चटकन समजेल. ही विद्या मळेमालकांनी इंग्लंडमधून आणलेली नव्हती, तिथं भात पिकतच नव्हता. सेनेगाम्बिया आणि सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या माणसांना भातशेती पिढ्यान्‌पिढ्या येत होती. तिथल्या माणसांना चार्ल्स्टनच्या बाजारात मागणीही जास्त असे.

काम कसं चाले ते जवळून पाहू. हिवाळ्यात, कमरेएवढ्या गार चिखलात, चर उपसायचे आणि बांध दुरुस्त करायचे. वसंतात बायका ओळीनं जाऊन बी टाकत आणि टाचेनं माती दाबत. मग पाणी सोडायचं, काढायचं, निंदायचं, पुन्हा सोडायचं. उन्हाळ्याच्या शेवटी विळ्यानं कापणी. कापणीनंतर सर्वांत जीवघेणं काम, ते म्हणजे कांडण. लाकडी उखळ, वजनदार मुसळ; पहाटे अंधारात काही तास, दिवसाचं काम झाल्यावर पुन्हा काही तास. जोरानं घाव पडला तर दाणा तुटतो आणि भाव पडतो, हळू पडला तर तूस निघत नाही. नंतर गवताच्या विणलेल्या रुंद सुपांनी पाखडायचं. पाण्यावर चालणारी कांडणीची गिरणी त्या मुलुखात १७८७ मध्ये आली आणि ती सगळीकडं पसरायला वेळ लागला.

मजुरीची पद्धत उक्त्यासारखी होती. एका माणसाला रोज पाव एकराचा तुकडा नेमून देत. तो संपला की उरलेला वेळ त्याचा. त्या वेळात लोक परसात भाजी लावत, कोंबड्या पाळत, टोपल्या विणत. तुकडा नीट झाला की नाही ते मुकादम बघे, तोही गुलामच, आणि चूक निघाली तर चाबूक. मे महिन्यात डास वाढले, हिवतापाची साथ आली की मालक मंडळी चार्ल्स्टनला जात आणि थंडी पडल्यावर परतत. विल्यमनंही १७८५ साली समुद्राच्या अंगाला मोठं घर घेतलं; ते आजही उभं आहे. मळ्यावरची माणसं बारा महिने मळ्यावरच राहत. त्यांची लहान मुलं मोठ्या संख्येनं मरत.

घोड्यांचा नाद विल्यमला सुटला नाही. तो जातिवंत घोडे पैदा करी, शर्यतीत उतरवी. स्पेनच्या राजानं जॉर्ज वॉशिंग्टनना 'रॉयल गिफ्ट' नावाचा उंचापुरा नर गाढव भेट पाठवला होता. उत्तम खेचरं निपजावीत म्हणून तो विल्यमच्या देखरेखीखाली साउथ कॅरोलायनाला धाडला गेला. आणणाऱ्यानं रस्त्यात त्याला इतकं दामटलं की तो आजारीच पोचला, आणि काही वर्षांनी तिथंच मेला. दोघा नातलगांच्या पत्रव्यवहारात या जनावराची विचारपूस बारकाईनं केलेली दिसते.

सभागृह

१७८७ ते १८०४ या काळात विल्यम राज्याच्या विधिमंडळात बसला. सुरुवातीला ते चार्ल्स्टनला भरे. १७९० पासून राज्याच्या मध्यावर नव्यानं वसवलेल्या कोलंबियाला.

१७९० च्या राज्यघटनेनं उमेदवाराची लायकी ठरवून दिली. खालच्या सभागृहासाठी, मतदारसंघात राहणाऱ्याकडं स्वतःच्या मालकीची ५०० एकर वसवलेली जमीन आणि १० गुलाम हवेत, किंवा कर्ज वजा जाता १५० पौंडांची स्थावर मिळकत. वरच्या सभागृहासाठी ३०० पौंड. गव्हर्नरसाठी १५००. शिवाय जागांची वाटणी अशी, की १२४ पैकी ७० आमदार आणि ३७ पैकी २० सिनेटर किनाऱ्याकडच्या मळ्यांच्या पट्ट्यातून येत, आणि त्या पट्ट्यात राज्यातल्या गोऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा राहत होता. १७९० च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या २,४९,०७३ भरली, त्यांतले १,०७,०९४ गुलाम. म्हणजे दर पाच माणसांतली दोनांहून अधिक माणसं मोजणीत होती, मतात नव्हती, आणि तरी ती कुणा दुसऱ्याची उमेदवारी सिद्ध करायला उपयोगी पडत होती.

वीर म्हणून विल्यमला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, यात शंका नाही. पण रिकाम्या हातानं परतलेला वीर त्या सभागृहाच्या दारातून आत जाऊ शकला नसता. त्याच्याच पलटणीतला एखादा जखमी घोडेस्वार कितीही शहाणा असला तरी बाहेरच राहिला असता.

या सतरा वर्षांत विधिमंडळानं काय केलं? १७८७ मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी घातली, मुख्यतः राज्य कर्जात बुडालं होतं म्हणून. ती मुदतीमागून मुदत वाढवली. १८०० मध्ये मालकानं स्वतःच्या खुशीनं गुलाम मुक्त करणंही अवघड केलं. त्यासाठी न्यायाधिकारी आणि पाच जमीनमालकांची संमती लागू लागली. डिसेंबर १८०३ मध्ये आयातबंदी उठवली. पुढच्या चार वर्षांत, देशव्यापी बंदी येईपर्यंत, चार्ल्स्टनच्या धक्क्यावर सुमारे ४०,००० आफ्रिकी माणसं उतरवली गेली. हे सगळं मी त्या सभागृहाचं काम म्हणून मांडतो, एकट्या विल्यमच्या नावावर नाही. तो फारसा बोलणाऱ्यांतला नव्हताच. गव्हर्नरपदासाठी उभं राहा असा आग्रह झाला तेव्हा, आपल्याला भाषण करता येत नाही, असं सांगून त्यानं ते नाकारलं, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. मला यात विनय दिसतो. इतकी मोठी कीर्ती पाठीशी असताना पद नाकारणारे थोडेच.

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा झाली, तेव्हा त्याला ब्रिगेडियर जनरल नेमलं. युद्ध झालं नाही. १८०० मध्ये तो त्या जबाबदारीतून मोकळा झाला. ६ मार्च १८१० रोजी तो वारला.

दुसरी वाट होती का?

त्या काळात सगळेच असे होते, असं म्हणून हे प्रकरण बंद करण्याची सवय आहे. मला ते पटत नाही, कारण विल्यमच्याच सैन्यात, विल्यमच्याच सासुरवाडीच्या शहरातला एक अधिकारी दुसरं काही म्हणत होता. जॉन लॉरेन्स. त्याचे वडील हेन्री लॉरेन्स हे चार्ल्स्टनमधून गुलामांचा मोठा व्यापार केलेले गृहस्थ. मुलाचं म्हणणं असं, की काळ्यांच्या पलटणी उभ्या कराव्यात आणि लढणाऱ्याला युद्धाअखेर मुक्त करावं. मार्च १७७९ मध्ये काँग्रेसनं ही कल्पना मान्य करून साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला शिफारस केली: ३,००० माणसं घ्या, मालकाला प्रत्येकी १,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ, युद्ध संपल्यावर शिपायाला स्वातंत्र्य आणि ५० डॉलर. राज्यानं ती धुडकावली.

जानेवारी १७८२ मध्ये, विल्यम कैदेत असताना, जॅक्सनबरोला विधिमंडळ भरलं. लॉरेन्सनं प्रस्ताव पुन्हा मांडला. ग्रीननं पाठिंबा दिला. तो पडला. त्याच काळात राजनिष्ठांच्या जप्त मळ्यांवरची माणसं सैनिकांना भरतीचा मोबदला म्हणून द्यायचं धोरण चालू होतं. सेनानी थॉमस सम्टर तर आधीच्या वर्षीपासून शिपायांचा पगार गुलामांच्या रूपात ठरवत होता. ग्रीनला राज्यानं मोठी जहागीर दिली, आणि ऱ्होड आयलंडमध्ये, गुलामीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेला तो माणूसही दक्षिणेत मळेवाला झाला. लॉरेन्स ऑगस्ट १७८२ मध्ये कंबाही नदीकाठच्या एका किरकोळ चकमकीत मारला गेला. वय सत्तावीस.

खुद्द जॉर्ज वॉशिंग्टननी १७९९ मध्ये मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली. उशिरा, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर अमलात यावी अशी. तरी केली. म्हणजे प्रश्न लोकांना सुचला होता, काँग्रेसच्या कागदावर आला होता, नात्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या मृत्युपत्रापर्यंत पोचला होता. साउथ कॅरोलायनाच्या सभागृहात मात्र त्याला दार उघडलं नाही. का उघडलं नाही, याचं उत्तर १७९० च्या घटनेतही कायम राहिलेल्या त्या जुन्या मालमत्तेच्या अटीत आहे. गुलामांच्या मालकीमुळं जागा मिळालेली माणसं तिथं बसली होती. त्या मालकीवर घाव घालणारा ठराव त्यांनीच मंजूर करायचा होता.

किनारा आणि आतल्या भागातली जागांची वाटणी १८०८ च्या तडजोडीनं थोडी बदलली, मालमत्तेची कल्पना तशीच राहिली. ती मोडायला उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध लागलं. १८६८ ची राज्यघटना लिहायला चार्ल्स्टनमध्ये जी समिती बसली तिच्यात काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते, आणि आमदारकीसाठी जमिनीची वा मिळकतीची कोणतीही अट त्यांनी ठेवली नाही. त्यांतला एक रॉबर्ट स्मॉल्स. जन्म १८३९, ब्यूफर्टचा, गुलामीतला. चार्ल्स्टनच्या बंदरात जहाजावर सुकाणू धरणारा. मे १८६२ मध्ये पहाटेच्या अंधारात त्यानं दक्षिणेच्या सैन्याचं जहाज बायकामुलांसह बंदराबाहेर काढून उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केलं. जहाजाचं नाव होतं 'प्लँटर'. स्मॉल्स १८६८ मध्ये त्याच राज्याच्या खालच्या सभागृहात निवडून गेला, मग सिनेटवर, मग वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये. घटना समितीत त्यानं लावून धरलेली मागणी होती सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांची.